बंदूक विकणारा "नाही" कधी म्हणतो? संशयास्पद ग्राहक आला की अमेरिकेतले दुकानदार काय करतात

जुलै २०११. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात किलीन नावाचं शहर आहे. तिथल्या 'गन्स गलोर' या बंदुकीच्या दुकानासमोर एक टॅक्सी थांबली आणि एक तरुण आत आला. त्याने धूरविरहित बारुदाचे सहा डबे घेतले, शॉटगनच्या गोळ्या घेतल्या, पिस्तुलाचं एक मॅगझीन घेतलं. पैसे रोख दिले. आणि मधेच काउंटरवरच्या माणसाला विचारलं, हे धूरविरहित बारूद म्हणजे नक्की काय असतं?

हा प्रश्न काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात अडकला. हे बारूद घेणारा माणूस सहसा घरी स्वतःच्या गोळ्या भरणारा छंदिष्ट असतो, त्याला त्यातलं सगळं माहीत असतं. जो विकत घेतोय त्यालाच ते काय आहे हे माहीत नाही, आणि तरी एकदम सहा डबे? विक्री कायदेशीर होती, कुठलाही नियम मोडला नव्हता. पण हा विक्रेता निवृत्त पोलीस होता. ग्राहक गेल्यावर त्याने पोलिसांना फोन लावला.

पोलिसांनी टॅक्सीवरून माग काढला आणि दुसऱ्या दिवशी एका मोटेलजवळ त्या तरुणाला पकडलं. तो सैन्यातून पळालेला शिपाई होता. खोलीत बॉम्ब बनवायचं सामान मिळालं. जवळच्या फोर्ट हूड तळावरचे सैनिक जिथे जेवायला जातात तिथे स्फोट घडवायचा त्याचा बेत होता. २०१२ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

आता गोष्टीतली दुसरी बाजू. २००९ मध्ये याच फोर्ट हूडवर एका लष्करी डॉक्टरने गोळीबार करून १३ जणांना मारलं होतं. त्याने वापरलेलं पिस्तूल याच दुकानातून, पूर्णपणे कायदेशीर मार्गाने घेतलेलं होतं.

एकाच काउंटरवरून एकदा धोका ओळखला गेला, एकदा नाही. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडे सोशल मीडियावर हमखास प्रश्न येतो, "याला बंदूक दिली कुणी?" हा लेख त्याच प्रश्नाबद्दल आहे. दुकानदाराच्या हातात नक्की काय असतं, कायदा त्याला काय करायला लावतो आणि कुठे कायदा संपून त्याची स्वतःची अक्कल सुरू होते.

आधी कागद

अमेरिकेत बंदूक विकण्याचा धंदा करायचा तर केंद्र सरकारचं लायसन्स लागतं. ते देणारी आणि तपासणी करणारी संस्था म्हणजे एटीएफ. मोठ्या साखळी दुकानांपासून गावातल्या लहान दुकानापर्यंत आणि वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्या पॉन शॉपपर्यंत सगळे यात येतात.

दुकानात बंदूक पसंत केली की ग्राहकासमोर येतो फॉर्म ४४७३. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असलेलं ओळखपत्र आणि मग प्रश्नांची रांग. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरला आहात का? फरार आहात का? बेकायदा अमली पदार्थ घेता का? न्यायालयाने कधी सक्तीने मानसोपचारासाठी पाठवलंय का? घरगुती हिंसाचारात शिक्षा झालीय का? बायको किंवा जोडीदाराजवळ जाऊ नये असा कोर्टाचा आदेश आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना?

गंमत अशी की या उत्तरांपैकी बरीचशी खरी आहेत की खोटी, हे काउंटरवर कुणी तपासू शकत नाही. माणूस "मी ड्रग्ज घेत नाही" असं लिहितो, दुकानदार ते बघतो, बस. ज्यो बायडन यांचे चिरंजीव हंटर बायडन यांचं प्रकरण आठवत असेल. ऑक्टोबर २०१८ मध्ये डेलावेअरमधल्या एका दुकानातून रिव्हॉल्व्हर घेताना त्यांनी या प्रश्नाला "नाही" असं उत्तर दिलं. ते खोटं होतं हे ठरायला जून २०२४ उजाडला, तेव्हा ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. पुढे डिसेंबरमध्ये वडिलांनी माफी देऊन टाकली, तो भाग वेगळा.

मग फॉर्मचा उपयोग काय? एक, खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. दोन, फॉर्म दुकानात जपून ठेवावा लागतो. अमेरिकेत बंदूकमालकांची केंद्रीय नोंदवही नाही. तशी करायला कायद्यानेच बंदी आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथलं एटीएफचं केंद्र आधी कंपनीला विचारतं, कंपनी घाऊक विक्रेत्याचं नाव सांगते, तो दुकानाचं आणि दुकानदार हा फॉर्म काढून ग्राहकाचं. २०२४ सालातही तपासाची साखळी फोनवर आणि कागदावर चालते, यावर पटकन विश्वास बसत नाही.

मग फोन: हो, थांबा, नाही

फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला कळवतो. काही राज्यांत हे काम राज्याचे पोलीस करतात. या यंत्रणेचं नाव एनआयसीएस, उच्चार 'निक्स'. १९९३ च्या ब्रेडी कायद्यातून ती जन्माला आली आणि ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली.

उत्तर तीनपैकी एक येतं. 'पुढे जा', 'थांबा' किंवा 'नाही'. बहुतेक वेळा काही मिनिटांत 'पुढे जा' येतं. नकाराचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच असतं.

खरी गडबड 'थांबा' मध्ये आहे. कायदा सांगतो, कामाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. लक्षात घ्या, 'देऊ शकतो'. द्यायलाच हवी असं नाही. जून २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांना मारणाऱ्या तरुणाला पिस्तूल असंच मिळालं. त्याच्यावर अमली पदार्थ बाळगल्याचं प्रकरण होतं, पण तपासणाऱ्याला योग्य पोलीस ठाण्याची कागदपत्रं वेळेत सापडली नाहीत, तीन दिवस उलटले आणि दुकानाने पिस्तूल दिलं. हा व्यवहार व्हायला नको होता हे नंतर एफबीआयच्या तेव्हाच्या संचालकांनी जाहीरपणे मान्य केलं. तेव्हापासून या पळवाटेला 'चार्ल्सटन लूपहोल' म्हणतात. वॉलमार्टसारख्या साखळीने मात्र स्वतःचा नियम ठेवलेला आहे की 'पुढे जा' आल्याशिवाय बंदूक हातात द्यायची नाही, कितीही दिवस लागले तरी. म्हणजे तोच कायदा, पण दोन दुकानांत दोन वेगळे निकाल.

२१ वर्षांखालच्या ग्राहकांसाठी २०२२ च्या नव्या कायद्याने ही मुदत गरज पडल्यास दहा कामाच्या दिवसांपर्यंत वाढवली, म्हणजे अल्पवयीन असतानाच्या नोंदीही बघता येतील. युवाल्डीच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर महिन्याभरात हा कायदा झाला. तिथला हल्लेखोर १८ वर्षांचा होता आणि त्याने रायफली कायदेशीरपणे घेतल्या होत्या.

यंत्रणा तिच्यात जे भरलंय तेवढंच सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेक्सासच्या सदरलँड स्प्रिंग्ज इथल्या चर्चमध्ये २६ बळी गेले. हल्लेखोराला हवाई दलात असताना घरगुती हिंसाचारासाठी शिक्षा झाली होती, त्यामुळे त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण हवाई दलाने ती नोंद एफबीआयला पाठवलीच नव्हती. दुकानाने फॉर्म भरून घेतला, फोन केला, 'पुढे जा' आलं. पीडितांनी दुकानावर दावा लावला तेव्हा टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला. दुकानदाराच्या बाजूने बघितलं तर हे बरोबरच वाटतं. त्याने आणखी काय करायचं होतं?

आणि 'नाही' आलं तर? ग्राहक दाराबाहेर जातो. बहुतेक वेळा इतकंच होतं. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये एक अहवाल दिला होता. २०१७ या आर्थिक वर्षात सुमारे १,१२,००० नकार झाले आणि अहवालाच्या वेळेपर्यंत त्यातून केंद्रीय पातळीवर खटले उभे राहिले १२. बारा हजार नाही, बारा.

'दुसऱ्यासाठी' घेणारा ग्राहक

दुकानदारांना सगळ्यात जास्त डोकेदुखी असते ती यांची. ज्याला बंदूक मिळू शकत नाही तो स्वच्छ रेकॉर्डवाल्याला पुढे करतो. मैत्रीण, भाऊ, ओळखीचा कुणीतरी. नाव याचं, बंदूक त्याची. आपल्याकडे दुसऱ्याच्या नावावर जमीन किंवा सिमकार्ड घेतात तसलाच प्रकार. इंग्रजीत याला 'स्ट्रॉ पर्चेस' म्हणतात, आपण सोयीसाठी बेनामी खरेदी म्हणू.

फोनवरच्या तपासणीत हा पकडला जात नाही, कारण काउंटरवर उभा असलेला माणूस खरंच स्वच्छ असतो. इथे बघायचं असतं ते डोळ्यांनी. बंदूक निवडतोय कोण आणि फॉर्म भरतोय कोण? पैसे कुणाच्या खिशातून येतायत? ग्राहकाला स्वतः घेत असलेल्या बंदुकीबद्दल काही माहीत आहे का, की तो प्रत्येक प्रश्नाला सोबत्याकडे बघतोय? २००० सालापासून बंदूक उद्योगाची व्यापारी संघटना आणि एटीएफ मिळून दुकानदारांना या गोष्टी ओळखायला शिकवण्याची मोहीम चालवतात. तिच्या नावाचा मराठीत अर्थ साधारण 'दुसऱ्यासाठी खोटं बोलू नका' असा होतो.

आणि हे ओळखलं नाही, किंवा ओळखायचं नसलं, तर काय होतं? मिलवॉकी शहरातलं 'बॅजर गन्स' हे याचं ठळक उदाहरण. २००९ मध्ये एक १८ वर्षांचा मुलगा एका २१ वर्षांच्या तरुणाला घेऊन दुकानात आला. हँडगन घ्यायला २१ पूर्ण लागतात, म्हणून हा खटाटोप. बंदूक मुलाने बोट दाखवून निवडली, फॉर्म मोठ्याने भरला. बदल्यात मोठ्याला ४० डॉलर मिळाले. महिन्याभराने त्याच पिस्तुलातून मुलाने दोन पोलिसांवर गोळ्या झाडल्या. दोघेही वाचले, पण गंभीर जखमी होऊन. त्यांनी दुकानावर दावा लावला आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्युरीने दुकानाला जबाबदार धरून जवळपास ६० लाख डॉलरची भरपाई ठरवली. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण खटल्यात पुरावा म्हणून दाखवलं गेलं.

बेनामी खरेदीत एक मुद्दा लोकांना पटत नाही, तोही सांगतो. २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने आपल्या अंकलसाठी (काका की मामा, याने इंग्रजी निकालपत्राला फरक पडत नाही) ग्लॉक पिस्तूल घेतलं, कारण त्याला पोलिसांची सवलत मिळणार होती. अंकलने आधीच ४०० डॉलरचा चेक पाठवला होता. अंकलवर कुठलाही गुन्हा नव्हता, तो स्वतः दुकानात गेला असता तरी त्याला बंदूक मिळाली असती. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालात सांगितलं की फॉर्मवर 'स्वतःसाठी' लिहिणं खोटं होतं आणि गुन्हा झाला. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट दिली असती तर चाललं असतं. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतलं की नाही चालत.

२०२२ पर्यंत अशा खरेदीसाठी वेगळा केंद्रीय गुन्हाच नव्हता, फॉर्मवर खोटं लिहिल्याचं कलम लावावं लागायचं. आता स्वतंत्र गुन्हा आहे आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत, बंदूक दहशतवादात किंवा तस्करीत जाणार असेल तर २५ पर्यंत.

अजून एक सापळा कायद्यातच आहे. एकाच माणसाने सलग पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर दुकानदाराने त्याच दिवशी एटीएफला आणि स्थानिक यंत्रणेला लेखी कळवायचं असतं. मेक्सिकोला लागून असलेल्या चार राज्यांत काही प्रकारच्या रायफलींसाठीही २०११ पासून असाच नियम आहे. कळवायचं आहे, विक्री थांबवायची नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

सगळे दुकानदार सारखे असतात असंही नाही. एटीएफने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार, गुन्ह्यांत सापडून माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुका सुमारे एक टक्का दुकानदारांकडे जाऊन पोहोचत होत्या. मोठं दुकान म्हणजे जास्त विक्री आणि जास्त बंदुका गुन्ह्यात, हा भाग त्यात आहेच. पण तेवढ्याने सगळं स्पष्ट होत नाही. तो आकडा आला आणि दोन-तीन वर्षांतच संसदेने एटीएफच्या निधीला अट जोडली, अशी माहिती बाहेर देण्यावर बंधन आलं. त्यामुळे आज एखाद्या ग्राहकाला किंवा पत्रकाराला आपल्या गावातलं कुठलं दुकान त्या यादीत बसतं हे सहज कळत नाही.

कागद बरोबर, मन साशंक

आता मुख्य प्रश्न. फॉर्म नीट, 'पुढे जा' आलेलं, ग्राहक स्वतःसाठीच घेतोय. पण काहीतरी खटकतंय. दुकानदार नाही म्हणू शकतो का?

म्हणू शकतो. दुकान खासगी आहे. वंश, धर्म, लिंग पाहून नकार देता येत नाही, पण "मला हा व्यवहार योग्य वाटत नाही" एवढं कारण पुरतं. बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत असला तरी तो सरकारविरुद्धचा हक्क आहे. अमुकच दुकानदाराने मला विकलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ होत नाही.

२०१६ मध्ये फ्लोरिडातल्या 'लोटस गनवर्क्स' या दुकानाने असंच केलं. एक माणूस आला, लष्करी दर्जाचं चिलखती जाकीट मागितलं, मग मोठ्या प्रमाणात गोळ्या मागितल्या, मधेच फोनवर परक्या भाषेत बोलला. दुकानाने काहीच विकलं नाही आणि मालकांच्या म्हणण्यानुसार एफबीआयलाही सांगितलं. पण विक्रीच झाली नाही, त्यामुळे नाव नाही, फॉर्म नाही. शोधायचं कुणाला? काही आठवड्यांनी, १२ जूनला, त्याच माणसाने ऑर्लँडोच्या 'पल्स' नाइटक्लबमध्ये ४९ जणांना मारलं. रायफल आणि पिस्तूल त्याने दुसऱ्या दुकानातून घेतलं होतं. तिथे कागद स्वच्छ निघाले.

या घटनेतून एक अडचण दिसते आणि ती सोपी नाही. नकाराची कुठेही नोंद होत नाही. एकाने नाही म्हटलं की ग्राहक पुढच्या दुकानात जातो आणि तिथे तो नव्याने 'स्वच्छ ग्राहक' असतो. दुसरी अडचण आपल्यासारख्यांची. फोनवर परक्या भाषेत बोलणं हा संशयाचा मुद्दा झाला तर मराठीत आईशी बोलणारा प्रत्येक जण संशयित ठरेल. त्या ग्राहकाबाबत खटकण्यासारखं होतं ते त्याने काय आणि किती मागितलं ते. बातम्यांत मात्र भाषेवरच जास्त भर दिला गेला.

मग सगळेच दुकानदार शंका आली की नाही म्हणतात का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी २० मोठ्या शहरांतल्या १२० दुकानांना फोन करून सांगितलं की आपल्याला हँडगन हवीय, कारण मित्राला किंवा मैत्रिणीला तिची गरज आहे. निम्म्याहून थोड्या जास्त दुकानांनी विकायची तयारी दाखवली. फोनवर विकू म्हणणं आणि प्रत्यक्षात विकणं यात अंतर असतं, हे मान्य. पण आकडा काळजी वाढवणाराच आहे. नफ्याचं गणित लहान असतं, समोरच्याशी वाद घालायला कुणालाच नको असतं आणि पुढच्या चौकात दुसरं दुकान असतंच.

एका आईचा फोन

जून २०१२, मिसुरी राज्य. एका आईने गावातल्या पॉन शॉपला फोन केला. आपली मुलगी स्किझोफ्रेनियाने आजारी आहे, तिने गेल्या महिन्यात तुमच्याचकडून पिस्तूल घेतलं होतं, ते तिच्या वडिलांनी काढून घेतलं. आता तिच्या हातात पैसे येणार आहेत, ती परत येईल. कृपा करून तिला विकू नका. आईने मुलीचं नाव, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर सगळं दिलं.

दोन दिवसांनी मुलगी दुकानात आली. दुकानाने पिस्तूल आणि गोळ्या विकल्या. तासाभरात तिने घरी वडिलांना गोळी घातली.

तांत्रिकदृष्ट्या दुकानाने नियम मोडला नव्हता. मुलीचं आजारपण कुठल्याही सरकारी यादीत नव्हतं, त्यामुळे तपासणीत 'पुढे जा'च आलं. शिवाय २००५ चा एक केंद्रीय कायदा बंदूक कंपन्या आणि दुकानदारांना बऱ्याच दाव्यांपासून संरक्षण देतो. पण त्या संरक्षणात काही भोकं ठेवलेली आहेत. त्यातलं एक असं, की हा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील हे माहीत असताना किंवा माहीत असायला हवं असताना वस्तू त्याच्या हातात देणं. २०१६ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या मुद्द्यावर आई दावा चालवू शकते. पुढे त्याच वर्षी २२ लाख डॉलरवर तडजोड झाली.

माझ्या मते दुकानदारांवर सगळ्यात जास्त परिणाम करणारा निकाल हाच असावा. 'कागद बरोबर होते' हे वाक्य आता प्रत्येक वेळी पुरत नाही. काही राज्यांत आता घरच्यांना कोर्टाकडूनच तात्पुरती बंदी मिळवता येते, त्याला 'रेड फ्लॅग' कायदा म्हणतात. तशी बंदी आली की ती तपासणीत दिसते आणि दुकानदाराच्या चांगुलपणावर अवलंबून राहावं लागत नाही.

एवढं सगळं सांगितलं ते लायसन्सवाल्या दुकानदारांबद्दल. केंद्रीय कायद्यानुसार अधूनमधून स्वतःची बंदूक विकणाऱ्या खासगी माणसाला ना फॉर्म लागतो ना फोन. अनेक राज्यांनी यावर स्वतःचे नियम केलेत, टेक्सासने नाही. तिथे २०१९ मध्ये मिडलँड आणि ओडेसा परिसरात गोळीबार करणारा माणूस २०१४ मध्ये दुकानातल्या तपासणीत नापास झाला होता. त्याने नंतर रायफल खासगी विक्रेत्याकडून घेतली.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक परिच्छेद

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर साधारणपणे तुम्हाला तिथे बंदूक घेता येत नाही, बाळगताही येत नाही. फॉर्म ४४७३ वर हा प्रश्न थेट विचारलेला असतो. काही अपवाद आहेत, त्यातला सर्वात माहितीतला म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. मित्राचा व्हिसा आड येतो म्हणून ग्रीन कार्डवाल्या दादाने त्याच्यासाठी घेणं, हे वर सांगितलेल्या बेनामी खरेदीतच मोडतं आणि त्याचे परिणाम थेट देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतात.

आणि आपल्याकडे?

भारतात उलटा क्रम आहे. इथे चाळणी दुकानाच्या आधी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना, परवान्याआधी पोलीस ठाण्याचा अहवाल, आणि जिल्हाधिकारी किंवा मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त यांचा निर्णय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन होत्या. दुकानदार परवाना बघतो, नोंद करतो. माणूस वाचायचं काम त्याच्यावर फारसं टाकलेलं नाही. बातम्यांत पोलीस पकडतात ते गावठी कट्टे तर दुकानात येतच नाहीत, त्यामुळे अमेरिकेतली ही चर्चा इथे जशीच्या तशी लागू होत नाही.

ज्या ग्राहकाचा धोका त्याला स्वतःलाच असतो

गोळीबार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शाळा, चर्च, नाइटक्लब येतात. पण अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. २०२१ मध्ये एकूण ४८,८३० पैकी २६,३२८. म्हणजे दुकानदारासमोर येणारा धोक्यातला ग्राहक बहुतेक वेळा कुणाला मारायला आलेला नसतो.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात एका आठवड्याच्या आत तीन जणांनी, एकमेकांशी काही संबंध नसताना, एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि खरेदीनंतर काही तासांत जीव दिला. तिघांचेही कागद स्वच्छ होते. हे कळल्यावर दुकानाचा मालक हादरला. त्याने हात वर केले नाहीत. तो सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांसोबत आणि बंदूकप्रेमींच्या संघटनेच्या लोकांसोबत एकत्र बसला. एरवी हे लोक टीव्हीवर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यातून उभा राहिला 'गन शॉप प्रोजेक्ट'.

त्यांनी कायदा मागितला नाही. दुकानदारांसाठी एक पानाची सूचनापत्रिका आणि ग्राहकांसाठी पोस्टर बनवलं. सूचना साध्या होत्या. बंदुकीच्या प्रकाराबद्दल, देखभालीबद्दल, सरावाबद्दल ग्राहकाला काहीच पडलेलं नाही का? फार घाईत, अस्वस्थ किंवा रडवेला आहे का? घटस्फोट, नोकरी जाणं, असं काही बोलून गेला का? तसं वाटलं तर विकू नका. थेट विचारा. दोन दिवसांनी या म्हणा, मित्राला घेऊन या म्हणा, आधी प्रशिक्षण घ्या म्हणा.

हे पोरकट वाटेल. दोन दिवसांनी काय फरक पडणार? पण आत्महत्येचा तीव्र विचार बऱ्याचदा काही तासांचा असतो. प्रयत्नातून वाचलेल्या दहापैकी सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, असं अभ्यास सांगतात. त्या तासांत हातात काय आहे यावर सगळं ठरतं आणि बंदुकीच्या बाबतीत दुसरी संधी क्वचितच मिळते. म्हणून काउंटरवर गेलेला वेळ वाया जात नाही.

साहित्य पाठवल्यानंतर काही महिन्यांनी कुणी न सांगता पाहणी केली तेव्हा राज्यातल्या जवळपास निम्म्या दुकानांत ते लावलेलं होतं. बंधन नव्हतं, तरी. पुढे इतर राज्यांनी हे उचललं आणि २०१६ पासून बंदूक उद्योगाची संघटना आणि अमेरिकेतली आत्महत्या प्रतिबंधाची एक मोठी संस्था हे काम एकत्र करतायत.

काही दुकानं त्याच्याही पुढे गेली. घरात कुणी खचलेलं असेल तर घरातली बंदूक काही दिवस आमच्याकडे ठेवा, असं ती सांगतात. कोलोरॅडोत २०१९ मध्ये अशा दुकानांचा आणि पोलीस ठाण्यांचा नकाशाच तयार झाला, ऑनलाइन बघता येतो. आपण जवळच्या पेट्रोल पंपाचा शोध घेतो तसा तिथे घरातली बंदूक सोपवायच्या जागेचा शोध घेता येतो.

(तुम्ही स्वतः किंवा जवळचं कुणी अशा अवस्थेतून जात असेल तर भारतात टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत ९८८.)